शाळेसाठी लॅपटॉप घेताना: खोक्याच्या कडेचं बारीक अक्षर

दहावीचा निकाल लागला की लॅपटॉपच्या दुकानांत आई-बाप आणि पोरांची गर्दी सुरू होते. दुकानदार आधी बजेट विचारतो आणि लगेच ‘आय-थ्री दाखवू की आय-फाइव्ह?’ असं म्हणून मोकळा होतो. सोबत बॅग, माउस, हेडफोन फुकट. या सगळ्यात कामाची माहिती जवळजवळ नसतेच. ती असते खोक्याच्या कडेला, बारकोडशेजारी चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या पट्टीवरच्या चार-पाच ओळी वाचता आल्या तर फसगत बरीच टळते.

त्याआधी गरजेचं बोलू. सातवीपर्यंतच्या मुलाला स्वतःचा लॅपटॉप घेऊ नये, असं माझं मत आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात, दीक्षा ॲप फोनवर चालतं, आणि या वयात टाइप करण्यापेक्षा हाताने लिहिणंच जास्त असतं. खरी गरज सुरू होते ती प्रकल्प टाइप करून द्यायची वेळ आली की. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर पायथन आणि मायएसक्यूएल घरी चालवून बघावं लागतं. कॉमर्सवाल्यांना टॅली लागतं आणि ते विंडोजवरच चालतं. एमएस-सीआयटीचा सरावही विंडोज आणि ऑफिसवरच होतो. म्हणजे ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, वर्ड, एखादं प्रेझेंटेशन, गणिताचं जिओजेब्रा, गुगल मीट आणि थोडं प्रोग्रॅमिंग. यातल्या एकाही कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘ॲनिमेशन शिकायचंय’ म्हणून गेमिंग लॅपटॉपचा हट्ट धरणाऱ्याला त्याचं सव्वादोन किलोचं वजन, विटेएवढा चार्जर आणि दोन-तीन तासांत बसणारी बॅटरी आधी हातात धरायला द्या.

रॅम आणि साठवण

सुरुवात प्रोसेसरपासून न करता इथून करावी, कारण स्वस्त लॅपटॉप रडतो तो इथेच. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. सांगतं ते खरं आहे, म्हणजे तेवढ्यावर विंडोज सुरू होतं. पण नुसतं सुरू होऊन बसलेलं विंडोज अडीच-तीन जीबी रॅम खातं. उरलेल्या एक-दीड जीबीत क्रोम उघडलं, त्यात मीट लावलं, शेजारी वर्ड उघडलं की रॅम संपते. मग विंडोज रॅममधला माल उचलून डिस्कवर ठेवायला लागतं आणि लागेल तसा परत आणतं. डिस्क वेगवान असेल तर हे फारसं जाणवत नाही. पण ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा ईएमएमसी बसवलेली असते आणि दोन्ही दुखणी एकमेकांना धरून येतात.

ईएमएमसी ही फोनमध्ये असते तशी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली चिप. तिचा वाचनाचा वेग साधारण सेकंदाला तीनशे एमबीच्या आसपास आणि एका वेळी ती एकतर वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. मागे विंडोजचं अपडेट लिहिलं जात असताना तुम्ही फाइल उघडायला गेलात की सगळं थबकतं ते म्हणूनच. त्यात ६४ जीबीची चिप विंडोजमध्ये ५९ जीबीच दिसते, त्यातली तीस-पस्तीस जीबी विंडोज व्यापतं आणि वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटला वीसेक जीबी रिकामी जागा हवी असते. म्हणजे दिवाळीपर्यंत ‘जागा कमी आहे’चा फलक कायमचा वस्तीला येतो. चिप बिघडली तर ती बदलता येत नाही, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो.

म्हणून पट्टीवर ‘ईएमएमसी’ किंवा ‘यूएफएस’ (तीही बोर्डावरच डाग दिलेली चिप) दिसलं तर खोकं खाली ठेवा. ‘एनव्हीएमई’ किंवा ‘पीसीआयई एसएसडी’ असं हवं. वेग सेकंदाला दोन हजार एमबीच्या पुढे आणि बहुतेक मॉडेलांत एका स्क्रूवर बदलता येणारा सुटा तुकडा. २५६ जीबी चालते, ५१२ जीबी बारावीनंतरही पुरते. ५१२ ची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते, ती चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

रॅम ८ जीबी ही खालची मर्यादा समजा. इथे आणखी एक प्रश्न विचारायचा, आणि तो दुकानदाराला सहसा आवडत नाही: ती बोर्डावर डाग दिलेली आहे की स्लॉटमध्ये बसवलेली? नवीन लॅपटॉपांत तीन प्रकार सापडतात. सगळी रॅम बोर्डावर आणि स्लॉट नाहीच. काही बोर्डावर आणि एक स्लॉट रिकामा. किंवा दोन स्लॉट. पहिल्या प्रकारात जे घेतलं तेच मरेपर्यंत. तिथे ८ जीबी घेऊन ‘नंतर वाढवू’ म्हणण्यात अर्थ नाही, १६ जीबीचंच मॉडेल बघा. दुसऱ्या प्रकारात ८ जीबी घेऊन पुढे वाढवता येते आणि रॅमच्या दोन वाटा झाल्यामुळे अंगच्या, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या, ग्राफिक्सचा वेगही सुधारतो. मात्र २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, तेव्हा पुढे स्वस्तात वाढवू, हा हिशेब पूर्वीसारखा जमत नाही.

हे दुकानात दोन मिनिटांत कळतं. चालू असलेल्या नमुन्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा दोन ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर आहे, ‘एसओडिम’ असेल तर सुटी आहे. स्लॉटची संख्या काही लॅपटॉपांवर चुकीची येते, म्हणून घरी आल्यावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावरचं तपशीलपत्र ताडून पाहावं.

एएमडीच्या लॅपटॉपवर ८ जीबी असूनही ‘५.८ वापरण्याजोगी’ असं काही दिसलं तर घाबरू नका. अंगच्या ग्राफिक्ससाठी तेवढी रॅम बाजूला काढून ठेवलेली असते. पण उरलेली तेवढीच, हेही खरं. म्हणूनच १६ चा आग्रह.

प्रोसेसरचा आकडा कुठून वाचायचा

‘आय-फाइव्ह’ या दोन शब्दांत काहीच नाही, त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. इंटेलचा आय३-१११५जी४ हा २ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक मेंदू), आय३-१२१५यू हा ६ कोअरचा. नाव दोघांचंही ‘आय-थ्री’. मधल्या रेघेनंतरचे पहिले दोन आकडे पिढी सांगतात, ११ म्हणजे अकरावी, १२ म्हणजे बारावी. अकरावीचा आय-फाइव्ह, म्हणजे आय५-११३५जी७, ४ कोअरचा आहे. म्हणजे बारावी पिढीचा आय-थ्री घेतला तर शाळेच्या कामात त्याच्यापुढे कमीपणा नाही, आणि तो स्वस्तही पडतो. दुकानात ‘आय-फाइव्ह आहे, घेऊन टाका’ म्हणून जो ढीग दाखवतात त्यात कधी कधी ही अकरावी पिढी निघते. अलीकडची ‘कोअर ३ १००यू’, ‘कोअर ५ १२०यू’ ही नावं नवी दिसली तरी आतली घडण तेराव्या पिढीचीच आहे. वाईट नाही, पण नव्या नावाचे जास्त पैसे देऊ नका.

एएमडीचं गणित आणखी गमतीचं. सात हजारांच्या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही जुनी रचना आणि ४ कोअर. रायझन ५ ७५३०यू मधला ३, म्हणजे झेन ३ आणि ६ कोअर. आकड्यात फरक दहाचा, कामात फरक बराच. शिवाय ७५२०यू आणि त्याचा धाकटा भाऊ ७३२०यू यांच्यासोबत रॅम नेहमी बोर्डावरच असते, वाढवता येत नाही. आधीच्या मालिकेतला रायझन ५ ५५००यू आकड्याने लहान, पण त्यात ६ कोअर आहेत. शाळेच्या कामाला ७३२०यू देखील चालतो, १६ जीबीसोबत असेल तर. फक्त तो ‘रायझन फाइव्ह’च्या भावात विकत घेऊ नका.

आता टाळायचे. सेलेरॉन एन४०२०, एन४५००, अथलॉन सिल्व्हर ७१२०यू: तिघेही २ कोअरचेच. मीटवर स्वतःचा कॅमेरा लावून शेजारी पीडीएफ चाळली की पंखा, किंवा पंखा नसेल तर बूड, बोलायला लागतं. २०२३ पासून इंटेलने सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं नव्या लॅपटॉपांवरून काढून टाकली आणि नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ लिहायला सुरुवात केली. तेव्हा स्टिकरवर आय-थ्री वगैरे काही नसून फक्त ‘इंटेल’ असेल तर पुढचा आकडा शोधा. एन१०० निघाला तर तो ४ कोअरचा आहे आणि ८ जीबी रॅम व एसएसडीसोबत आठवी-नववीच्या कामाला निभावतो. आय३-एन३०५ चे ८ कोअर सगळे छोट्या जातीचे असतात, पण शाळेला भरपूर झाले.

क्रोमबुक आणि अँड्रॉइडवर बेतलेले स्वस्त लॅपटॉप यांचा वेगळा विचार करायचा. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेलं जिओबुक घ्या: ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, फोनच्या जातीचा मीडियाटेक प्रोसेसर. वाचायला, व्हिडिओ पाहायला, गुगल डॉक्समध्ये लिहायला ठीक. टॅली नाही, डेस्कटॉपवरचं ऑफिस नाही, शाळेने दिलेली एखादी विंडोजची सीडी नाही. क्रोमबुक ४ जीबीतही विंडोजपेक्षा हलकं चालतं हे मान्य, पण वापरलेलं घेणार असाल तर त्या मॉडेलची अपडेट कधी थांबणार ती तारीख गुगलच्या यादीत आधी बघा. ती प्रत्येक मॉडेलला वेगळी असते आणि तुम्ही कधी विकत घेतलं याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

पडदा, वजन, वीज

पडद्याबद्दल थोडक्यात: १३६६ बाय ७६८ नको, १९२० बाय १०८० किंवा १२०० हवा. जुन्या ‘टीएन’ पद्धतीचा पडदा खालून पाहिला की रंग उलटे होतात. झाकण मागे पाडत जा आणि खालून बघा, कळेल. उजळपणा बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत २५० निट्सच असतो; घरात पुरतो, खिडकीकडे पाठ करून बसलं की त्यात स्वतःचा चेहरा दिसतो.

वजनाकडे मात्र कुणी बघत नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दहावीपर्यंत दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. ४५ किलोच्या मुलाला साडेचार किलो. १५.६ इंची लॅपटॉप पावणेदोन किलो, चार्जर पाव किलो. झाले दोन किलो, म्हणजे वह्या-डब्याला उरले अडीच. रोज न्यायचा असेल तर १४ इंची, १.४ किलोच्या आसपासचा घ्या. घरातच राहणार असेल तर १५.६ इंची घ्या, डोळ्यांना बरा. आणि घरातून कधीच हलणार नसेल, तर वापरलेला डेस्कटॉप आणि छोटा यूपीएस हा स्वस्तातला मार्ग विसरू नका. फक्त यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काढतो, तास नाही.

बॅटरीचं ‘१० तास’ ऐकू नका, वॅट-अवर (बॅटरीत किती वीज मावते) विचारा. स्वस्त लॅपटॉपांत ते ३७ ते ४२ असतात. ब्राउझर, वायफाय, मध्यम उजेड यात ७-८ वॅट खर्च धरा. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच तास. मीट चालू असताना खर्च १२-१५ वर जातो आणि उत्तर तीन तासांवर येतं. भारनियमनाच्या गावात हा हिशेब कामाचा आहे. तिथे टाइप-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप घेणं शहाणपणाचं, कारण मग ६५ वॅट देणाऱ्या पॉवर बँकेवरही तो चालतो. २०,००० एमएएचची बँक म्हणजे कागदावर ७४ वॅट-अवर, रूपांतरात जाऊन साठ मिळतात. एक पूर्ण चार्ज आणि वर थोडं. फोनची १८ किंवा २२.५ वॅटची बँक लावून लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणून तक्रार करू नका, तिच्यात तेवढा जोर नसतो. आणि लॅपटॉपला टाइप-सी भोक आहे म्हणजे त्यातून चार्ज होतोच असं नाही. काही मॉडेलांत ते फक्त डेटासाठी असतं. पट्टीवर ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलेलं हवं. वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो हे लोकांच्या नंतर लक्षात येतं. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर चार्जिंग चालू असताना मनगटाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ते बहुधा घराच्या वायरिंगचं लक्षण आहे: अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचं अडॅप्टर लावलंय. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

जुना, पण कंपनीतून निघालेला

पंचवीस हजारांच्या आतबाहेर बजेट असेल, तर नव्या सेलेरॉनपेक्षा कंपन्यांतून निघालेला वापरलेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचं नेहरू प्लेस, दोन्हीकडे अशा मालाचे ढीग असतात. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही बहुतेक आठव्या पिढीची मंडळी. तिन्हींत रॅमचे दोन-दोन स्लॉट, एसएसडी सुटी, मजबूत बिजागऱ्या आणि खालचं झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारं.

आठवीच पिढी का? कारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या जुन्या पिढ्यांत रेघेनंतरचा पहिला एकच आकडा पिढी सांगतो: आय५-८३५०यू म्हणजे आठवी, आय५-७३००यू म्हणजे सातवी. टी४७० आणि टी४८० बाहेरून जुळे भाऊ दिसतात, आत मात्र एक फार तर सातव्या पिढीचा आणि एक बहुधा आठव्या. सातवीवर कुणी युक्तीने विंडोज ११ टाकून दिलं असेल तर ते चालेल, पण पुढचं मोठं अपडेट अडेल की नाही याची हमी मिळत नाही.

घेताना हे तपासा, पैसे देण्याआधी, दुकानातच:

- दुकानदाराला विंडोज पूर्ण रीसेट करायला सांगा आणि सुरुवातीच्या मांडणीत वायफाय जोडा. लॅपटॉप अजून जुन्या कंपनीच्या नोंदीत असेल तर ‘तुमच्या कंपनीच्या खात्याने आत या’ असं कंपनीच्या नावासकट येतं. इंटरनेट न जोडता दाखवलं तर हे लपून राहतं आणि घरी रीसेट केल्यावर उघडं पडतं.
- सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची जागा) जाऊन बघा. पासवर्ड मागितला तर नको. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरी काढून जात नाही.
- बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजी स्पेलिंगने टाइप करून एंटर दाबा. फाइल कुठे ठेवली ते तो सांगतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी असतात. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा.
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन पेनड्राइव्हवर न्या. एसएसडीची तब्येत टक्क्यांत आणि चाललेले तास दिसतात.
- कीबोर्डवर एंटरची कळ उलट्या एलच्या आकाराची आणि २ वर अवतरणचिन्ह असेल तर तो ब्रिटिश मांडणीचा. चालतो, पण शाळेच्या संगणक कक्षापेक्षा चिन्हं वेगळी सापडतात.

टी४८० बद्दल एक खास सूचना. त्या काळातल्या थिंकपॅडांच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये, म्हणजे टाइप-सी भोक चालवणाऱ्या आतल्या प्रणालीत, दोष होता. लॅपटॉप काही काळ चालल्यावर टाइप-सीवरून चार्जिंग बंद पडायचं. लेनोव्होने सुधारित फर्मवेअर दिलेलं आहे. आणल्या दिवशीच लेनोव्हो व्हँटेजमधून ते घालून घ्या, कारण बिघाड झाल्यावर नुसत्या अपडेटने दुरुस्त होईलच असं नाही. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, आतली २४ वॅट-अवरची आणि बाहेरची बदलता येणारी. दुकानात बाहेरची मेलेली आणि आतली बरी, किंवा उलट, असा प्रकार सर्रास असतो. अहवालात दोन्ही वेगवेगळ्या दिसतात.

बिल करताना

‘डॉस’वाला किंवा विंडोजशिवायचा लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त असतो, मग दुकानदार ‘विंडोज मी टाकून देतो’ म्हणतो. ते चोरीचं असतं; सक्रिय करायला वापरलेली करामत बहुतेकदा अँटिव्हायरस बंद करूनच चालते आणि तिच्यासोबत आणखी काय आत शिरलं ते कळत नाही. मुलाला विंडोज लागणारच नसेल, तर त्यावर लिनक्स मिंट टाका; पायथनला, लिब्रेऑफिसला आणि ब्राउझरला ते उत्तम.

बिल १८ टक्के जीएसटीचं पक्कं हवं आणि त्यावर सिरियल नंबर हवा. तोच नंबर खोक्यावर आणि लॅपटॉपच्या बुडावर आहे ना, हे काउंटरवरच ताडा. वॉरंटी कधी कधी कंपनीतून माल निघाला त्या तारखेपासून मोजलेली दिसते. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर घालून बघा आणि तारीख मागची असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. वाढीव वॉरंटी घेणार असाल तर लॅपटॉपच्या कंपनीचीच घ्या, आणि त्यात पडणं-सांडणं धरलंय का ते वाचा. शाळकरी लॅपटॉपला मार बसतो तो पाण्याचा आणि पडण्याचा, आणि साध्या वॉरंटीत नेमकं तेच नसतं.

‘एस मोड’मधलं विंडोज मिळालं तर गडबडू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात, म्हणून टॅली नाकारलं जातं. सेटिंग्जमधून फुकट बाहेर पडता येतं, मात्र परत आत जाता येत नाही. सोबत ऑफिस दिलं असेल तर ते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा उघडाल त्या खात्याला कायमचं चिकटतं. आईच्या किंवा वडिलांच्या खात्याने उघडा, दुकानदाराच्या नाही.

पहिला आठवडा

मुलाला प्रशासकाचा हक्क नसलेलं साधं खातं करून द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर त्या जोडणीच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर विंडोजचं अपडेट दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा सकाळीच गिळून बसतं. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर वर चढवायला लागतं. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की रोज रडगाणं. ते बंद करून महत्त्वाचं पेनड्राइव्हवर ठेवलेलं बरं. चाचणीचा अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा डिफेंडर शाळेच्या कामाला पुरतो.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की बदलतात. अजून टाइपिंगची सवयच नसेल तर इन्स्क्रिप्ट शिकवा. एकदा हात बसला की तीच मांडणी हिंदीला आणि संस्कृतलाही चालते. कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फाँट दिसत नसतील तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचा पुरवणी संच घ्या. आणि प्रकल्प छपाईला नेताना वर्डची फाइल न नेता पीडीएफ न्या. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसला की जोडाक्षरं आणि पानं दोन्ही हलतात. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर उजवीकडचं ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं, कॉमर्सवाल्यांना लागेल.

मोडतोड कशी होते तेही मुलाला दाखवून द्या. प्लास्टिकच्या लॅपटॉपात बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी बोंडांत बसतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की एका बाजूवर ताण येतो, बोंड उपटतं आणि मग कडेचं झाकण फाटतं. झाकण मध्यभागी धरून उघडायचं. चार्जरची पिन लावून मांडीवर लोळत वापरलं की आतलं सॉकेट ढिलं होतं. गादीवर, गोदडीवर ठेवलं की बुडाच्या जाळ्या बंद होतात, प्रोसेसर गरम होऊन स्वतःचा वेग उतरवतो आणि मग ‘लॅपटॉप स्लो झाला’. दप्तरात टाकण्याआधी नुसतं झाकण मिटू नका, शटडाउन करा. आजकालचे लॅपटॉप झोपेतही अर्धे जागे असतात. बंद दप्तरात तापतात आणि शाळेत पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते. सतत चार्जरला जोडून वापरायचा असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती लावा.

शेवटी एक काम, जे जवळपास कुणी करत नाही. विंडोज ११ बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि तिची ४८ आकड्यांची किल्ली मांडणीच्या वेळी वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झाला की लॅपटॉप ती किल्ली मागू शकतो. दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्या खात्याने मांडणी करून दिली असेल, तर किल्ली त्याच्याकडे आणि बारावीचे सगळे प्रकल्प कुलपाआड. आपल्या खात्यात जाऊन रिकव्हरी कीच्या पानावर ती दिसते का ते पाहा, कागदावर उतरवून घ्या आणि बिलाच्या फाइलीत लावून ठेवा.